करवतीनं दिलेली पुस्तकं

माझी वहिनी मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्याबद्दल चार शब्द बरे बोलले, तर ते प्रेमापोटी बोलले असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

ती गावातल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसायची. सत्तावीस वर्षं. वाचक तिला पाठीमागे 'करवत' म्हणायचे. पुस्तक नेताना कापते आणि परत करतानाही कापते, म्हणून. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. कुणी नुसतं "एखादं चांगलं पुस्तक द्या" म्हटलं की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "चांगलं म्हणजे? झोप यायला चांगलं की झोप उडायला?" माणूस तिथंच अर्धा व्हायचा.

पण बायका तिच्याकडे रांग लावायच्या. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा ही तिची खास शेतं. त्यातही एकच अट: गोष्ट ज्या बाईची आहे ती बाई खमकी हवी. एकदा दवाखान्यातल्या एका नर्सनं तिला विचारलं, "खमकी म्हणजे तलवार घेऊन लढणारी का हो?" मी तेव्हा वर्तमानपत्र चाळत बाजूलाच बसले होते. वहिनी म्हणाली, "तलवार काय, कुणाच्याही हातात देता येते. जी चुकते, पस्तावते, आणि तरी पुढचा निर्णय दुसऱ्याला घेऊ देत नाही, ती खमकी." मग तिनं नर्सला उलट विचारलं, "तुमच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा?" उत्तराची वाट न बघता वहिनीनं मागे वळून एक जाडजूड पुस्तक काढलं. मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा नवऱ्याचे तांडे स्वतः वाळवंटापार नेते, त्याची कादंबरी. "हे न्या. पहिली पन्नास पानं कंटाळवाणी आहेत, तक्रार घेऊन येऊ नका. एकावन्नाव्या पानावर मला दुवा द्याल." ना हसू, ना या-बसा.

घरात आम्ही दोघीच. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. घर दोघींच्या नावावर. ती हलेना, मी हलेना. आमच्यात विस्तव जात नव्हता, आणि त्याला कारण होतं. दादाला काय झालंय हे तिला दोन महिने आधी कळलं होतं. मला कळलं तेव्हा तो मला ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. "त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं," एवढंच ती म्हणाली. मी तिला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याआधी ती मला 'तू' म्हणायची. त्यानंतर 'वन्सं' आणि 'तुम्ही'वर आली. नणंदेला मान देण्याचे शब्द, पण तिच्या तोंडून ते दाराला कडी घातल्यासारखे वाजायचे. बोलणंही जेवढ्यास तेवढं. बाकी सगळं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. 'दूध संपलं.' 'नळवाला चारला येईल.' 'माझ्या टॉवेलला हात लावू नये.'

मी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानातले काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की सील ठोकायचं. अशाच एका गोदामाच्या पायऱ्या उतरताना घसरले आणि घोटा मोडला. दोन महिने पलंगावर. तिसऱ्या दिवशी वहिनी कामावर जाताना दारात थांबली आणि तिनं एक पुस्तक माझ्या पायाशी टाकलं.

"काय आहे?" मी म्हटलं.

"वाचा. नाहीतर छत मोजत बसा."

मी दुपारपर्यंत छतच मोजलं. मग पुस्तक उघडलं. एका जुन्या बंदरातल्या सुईणीची रहस्यकथा होती. तिच्या हातून जन्मलेली तीन माणसं एकामागून एक विषानं मरतात, आणि गावाचा संशय तिच्यावरच येतो. संध्याकाळी वहिनी आली तेव्हा माझी शेवटची वीस पानं उरली होती, आणि मी चहासुद्धा मागितला नाही. तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पायाशी दुसरं पुस्तक.

दोन महिन्यांत तिनं मला एकोणीस पुस्तकं दिली. दरबारातली लेखणीवाली बाई, जी तहात एक शब्द बदलून वेढा उठवते. निवृत्त टंकलेखिका, जी 'र'चा तुटका ठसा पाहून खुनी ओळखते. अल्पवयीन राजासाठी बारा वर्षं राज्य चालवणारी आणि शेवटी त्याच्याच हुकमानं कैदेत जाणारी आत्या. ते वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. अर्थात बोलायला होतंच कोण! मला सगळ्यात राग याचा यायचा की तिची निवड चुकत नव्हती. जिला मी डोळ्यांसमोर धरत नव्हते, तिला माझ्या मनाचं माप अचूक ठाऊक होतं.

म्हणून मुद्दाम एक दिवस चिठ्ठी लावली: 'हेडमास्तरांची कादंबरी हवी.'

हेडमास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी स्वतः एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती, तीन खंडांची, गडाला पडलेल्या वेढ्यावर. ती दर्शनी कपाटात, काचेमागे असायची. वहिनी तिची शिफारस कधीच करत नसे. कुणी विचारलंच तर सरळ सांगायची, "यातली राणी नवव्या पानावर येते, दहाव्या पानावर रडते, आणि मग हजार पानं गच्चीवर उभी राहते. तुमच्या पायात तेवढी ताकद असेल तर न्या." हे हेडमास्तरांच्या कानावर जायचंच. त्यांचा तिच्यावर दात होता, आणि तिला तो दिसतही होता.

चिठ्ठी वाचून वहिनीनं तिन्ही खंड आणून ठेवले. मला ती कादंबरी आवडावी असं मनापासून वाटत होतं. वहिनी कुठंतरी चुकलीय हे मला सिद्ध करायचं होतं. पण चाळीस पानांतच माझं डोकं तडकलं. सवयीनं हातात पेन्सिल होती. मी समासात लिहायला लागले.

'वेढ्याला तीन महिने झाले. कोठारातलं धान्य कुणी मोजलं? हिनेच मोजलं असणार. मग ते पान कुठे आहे?'

'राणी बेशुद्ध. शंभर पानांत चौथी वेळ. वैद्य बोलवा.'

'दिवाण फितूर आहे हे स्वयंपाकिणीला कळलं. राणीला कळत नाही, कारण लेखकानं तिच्या डोळ्यांवर हात ठेवलाय.'

तिन्ही खंडांत मिळून असे साठेक शेरे झाले. पुसायचं राहून गेलं, असं मी नंतर म्हणत असे. खरं सांगायचं तर पुसायचं नव्हतंच.

पाय बरा झाल्यावर मी कामावर गेले, पुस्तकं वाचनालयात गेली. आपली कादंबरी बाहेर गेली का हे हेडमास्तर दर महिन्याला नोंदवहीत बघायचे. कुणीतरी तिन्ही खंड नेले होते, म्हणून त्यांनी आनंदानं ते उघडले. पुढचं मला कळलं ते घरी नव्हे, चार दिवसांनी, रस्त्यात. ती नर्स भेटली. वाचकांची प्रतिनिधी म्हणून ती वाचनालयाच्या मंडळावर होती.

"तुमच्या वहिनींना घरी बसवलंय, आणि तुम्ही अशा काय भाजी निवडताय?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. वहिनी रोज वेळेवर डबा घेऊन बाहेर पडत होती. कुठं जात होती कुणास ठाऊक!

नर्सनं सगळं सांगितलं. पुस्तकं वहिनीनं स्वतःच्या नावावर नेली होती, म्हणून हेडमास्तरांनी तिला मंडळापुढे उभं केलं. तिन्ही खंड टेबलावर आपटले. "वाचनालयाची मालमत्ता विद्रूप करायला पगार घेता?" वहिनी म्हणाली, "अक्षर माझं नाही." "मग कुणाचं?" "ते सांगणार नाही. कोण काय वाचतं आणि वाचून काय करतं, हे मी सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही." हेडमास्तर लालबुंद झाले. "म्हणजे हे शेरे तुम्हाला मान्य आहेत?" तेव्हा तिनं शांतपणे एक खंड उघडला, पानं उलटली आणि म्हणाली, "एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. बाकी मला कुठं चूक दिसली नाही."

त्यावर तिला निलंबित केलं.

मी भाजी तिथंच टाकून घरी आले. वहिनी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

"अक्षर माझं आहे हे तुम्हाला पहिल्या क्षणी कळलं," मी म्हटलं.

"फ्रिजवर रोज बघते. तुमचा 'क्ष' बेडूक गिळलेल्या सापासारखा असतो."

"मग सांगितलं का नाही? माझ्यावर उपकार करायला?"

तिनं सुरी खाली ठेवली. "तुमच्यावर? तुमच्यासाठी मी कांदासुद्धा बारीक चिरत नाही, वन्सं. तुमच्या जागी ती नर्स असती, रस्त्यावरचं कुणी असतं, तरी हेच केलं असतं. माणूस विश्वासानं काही हातात ठेवतो. ते ठेवायचं असतं, वाटायचं नसतं."

मला एकदम दादाचं शेवटचं आजारपण आठवलं. ते आठवून मला तिचं म्हणणं समजायला हवं होतं, पण आला तो संतापच.

"तेव्हाही असंच केलंत. मी त्याची सख्खी बहीण होते. दोन महिन्यांत एकदाही वाटलं नाही, हिला सांगावं?"

"रोज वाटायचं," ती म्हणाली. "रोज सकाळी तुमच्या दारापर्यंत यायचे."

मग ती पुन्हा कांदा चिरायला लागली. तिला मी माफ केलं, असं म्हणणार नाही. पण ती खोटं वजन लावत नव्हती, एवढं मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं काटे तपासून घरातलाच काटा मी तपासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी वाचनालयात गेले. हेडमास्तर अध्यक्षांच्या खोलीत, खिडकीखाली बसले होते.

"ते शेरे माझे आहेत," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वहिनीनं शिकवून पाठवलंय. तुम्ही काटे तपासणाऱ्या बाई. तुम्हाला साहित्यातलं काय कळतं?"

"वजन कमी भरलं की कळतं."

मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर एक शेरा लिहून दाखवला. त्यांनी खंड उघडून अक्षर ताडून बघितलं. एकदा, दोनदा. चेहरा पडला. चोर सापडला होता, पण त्यांना हवा असलेला चोर नव्हता.

"लेखी माफी द्या," ते म्हणाले.

मी लिहून दिलं: 'ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं लिहिलं, ही माझी चूक. सगळं लिखाण पुसून देईन. मतं मात्र पुसता येत नाहीत.' त्यांनी शेवटचं वाक्य खोडायला सांगितलं. मी नाही खोडलं. त्यांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला. वाचनकक्षातली माणसं दारात येऊन उभी राहिली. शेवटी मीच खोडरबर मागितलं आणि तिथंच बसून साठ शेरे पुसले. तीन तास लागले. हेडमास्तर समोरून हलले नाहीत. एखादा शेरा पुसण्याआधी मी तो मोठ्यानं वाचत होते, एवढं खरं.

निलंबन मागे घ्यावं लागलं. पण हेडमास्तरांनी आपला सूड उगवलाच. 'उद्धट वर्तन' म्हणून वहिनीला टेबलावरून उठवलं आणि तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या विभागात टाकलं. वर एक मवाळ गृहस्थ बसवले, जे हाताला येईल ते पुस्तक हसून द्यायचे. आठवड्याभरात बायका तळघराचा जिना उतरायला लागल्या. मग तिथं पाटी लागली: 'या विभागात पुस्तकांची चौकशी करू नये.' नर्सनं युक्ती काढली. ती खाली जायची आणि म्हणायची, "मला अमुक तारखेचा पेपर हवा." वहिनी पेपर द्यायची आणि घडीत पुस्तकाचं नाव लिहिलेला कपटा असायचा. सगळ्यांनी तेच सुरू केलं. जुने पेपर एवढे कधी वाचले गेले नव्हते.

तीन वर्षं तिनं त्या दमट खोलीत काढली. तिला खोकला जडला. बदलीसाठी अर्ज करा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "त्यांच्याकडे मागायला मी काय त्या कादंबरीतली राणी आहे, गच्चीवर उभी?" निवृत्तीच्या दिवशी मंडळानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. हेडमास्तरांचं भाषण होतं. वहिनी साडेतीनला मागच्या दारानं घरी आली आणि कपडे वाळत घालायला लागली. तिकडं रिकाम्या खुर्चीसमोर भाषण झालं म्हणे.

खोकल्याला कोरडी हवा बरी, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून गेल्या वर्षी ती दुसऱ्या गावी आपल्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना आमचं पडद्यांवरून कडाक्याचं भांडण झालं. ते तिनं शिवले होते, कापड माझं होतं. शेवटी एक पडदा ती घेऊन गेली, एक इथं आहे. दोन्ही घरांत खिडकी अर्धीच झाकली जाते.

परवा तिच्या बहिणीचा फोन आला होता. तिकडच्या वाचनालयात वहिनीनं नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या ग्रंथपालाशी तिचं जोरात वाजलं. कशावरून, ते मी विचारलं नाही. पण चूक त्या ग्रंथपालाचीच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.