उजव्या गालावरची चपराक

आधीच सांगून टाकतो... भूतखेत, करणी, भानामती, यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या वडिलांनी घरात देव्हारासुद्धा ठेवला नाही, तिथं भुताला जागा कोण देणार? खालचं वाचून कुणाला 'शेवटी मानलंच ना?' असं म्हणावंसं वाटलं, तर मुकुंदवाडीत माझं दुकान आहे, तिथं या. चहा पाजीन. मानणार नाही.

दुकान माईक-स्पीकर भाड्यानं देण्याचं. लग्नाकार्यात निवेदनही मीच करतो. त्यामुळं चार माणसं समोर दिसली की मी आपोआप स्टेजवर चढतो. मागच्या हिवाळ्यात मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही-विहीणबाई नाशिकहून पहिल्यांदाच आमच्याकडं आले. त्यांना लेणी दाखवायला निघालो. अजिंठा गावाच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. भर दुपार, लख्ख ऊन. टपरीमागच्या वडावर लाल तोंडाची माकडं. काळतोंडी वानरं नव्हेत, हे ध्यानात ठेवा.

माझा एक खास प्रयोग आहे. शेंगदाणा ओठात धरायचा, हात पाठीमागं बांधायचे आणि माकडानं येऊन तो तोंडानं टिपून न्यायचा. वीस वर्षांत एकदाही फसलेला नाही. टाळ्या ठरलेल्या.

या प्रयोगाला विरोध फक्त माझ्या आत्याचा. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत माकडांची देखभाल करायची. निवृत्तीनंतर आमच्याकडंच राहिली, तीन वर्षांपूर्वी वारली. ती म्हणायची, "लाल तोंड्याच्या तोंडाला तोंड लावू नको. त्यांना ओठावर फोड येतेत अन् जातेत, त्यांना काय बी होत नाय. तेच माणसात शिरलं की मेंदूत जातं."

मी म्हणायचो, "आत्या, मला मेंदू आहे हे तू पहिल्यांदाच कबूल केलंस."

त्यावर थोबाडीत बसायची. डाव्या हाताची, कारण आत्या डावरी.

तर टपरीवर मी शेंगदाण्याची पुडी घेतली. बायको म्हणाली, "अहो, पाहुण्यांसमोर तरी नका करू."

"पाहुण्यांसाठीच तर करायचंय."

"होऊ द्या दादा," व्याह्यांनी मोबाईल बाहेर काढला.

एक थोराड नर खाली उतरला. त्याच्या खालच्या ओठावर फोड होता. मला तो दिसला... दिसला, हे कबूल करतो. मी काय म्हणालो? "साहेब पान खाऊन आलेत." विहीणबाई हसल्या. मग मला कोण थांबवणार?

गुडघ्यावर बसलो. माकडानं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. त्याचा श्वास नाकाला लागला, ओल्या गोधडीसारखा. ओठ चार बोटांवर आले... आणि फाडकन माझ्या उजव्या गालावर बसली.

मान डावीकडं फिरली, शेंगदाणा उडाला, माकड दचकून वडावर गेलं.

व्हिडिओ आहे. दुकानात या, दाखवतो. माकडाचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर आहेत. बायको डाव्या बाजूला दोन हात लांब. विहीणबाईंच्या हातात चहाचा ग्लास. उजवीकडं नुसतं ऊन.

बायकोनं हनुवटी धरून माझा गाल उजेडाकडं केला. "बोटं उठलीत वो," म्हणाली. मग मोजत गेली. "ही करंगळी... मग मधी जागा मोकळी... मग ही दोन." आणि हनुवटी सोडून दिली.

आत्याच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. शेवटच्या आजारपणात तिचे हात पुसायचं काम बायकोनंच केलेलं. ते हात तिला माहीत.

व्याही म्हणाले, "गांधीलमाशी चावली असंल." मी म्हणालो, "व्हय, तीन बोटांची."

दुसऱ्या दिवशी गारखेड्यातल्या एका मित्राला व्हिडिओ दाखवला. तो जनावरांचा डॉक्टर. म्हटलं, हसेल. त्यानं व्हिडिओ थांबवला, पण माझ्या गालावर नाही... माकडाच्या ओठावर.

"दाढी करताना कापलंय तुला?"

"काल सकाळी. ओठाच्या कोपऱ्यात."

त्यानं मोबाईल खाली ठेवला. "ताप आल्यावर आपल्या ओठावर फोडांचा जर उमटतो ना, त्याच घराण्यातला एक विषाणू या माकडांत असतो. जन्मभर अंगात राहतो, मधूनच लाळेतून बाहेर पडतो. माकडाला त्याचं काही नसतं. माणसाला क्वचितच होतो. पण झाला आणि वेळेत औषध मिळालं नाही, तर मेंदूला सूज येते. मग माणूस हाती लागत नाही."

"म्हणजे त्या माकडाला होता?"

"तपासल्याशिवाय सांगणार नाही. फोड कशाचाही असू शकतो. लाळ लागली का तुला? नख?"

"नाही. त्याच्या आधीच बसली."

"कुणी मारली?"

"तेच विचारायला आलोय."

"तो माझा विषय नाही," म्हणाला. तरी पुढचा महिनाभर रोज सकाळी फोन करून विचारायचा, ताप नाही ना? डोकं दुखत नाही ना? नव्हतं. तो ठेवायचा, मग मी शांतपणे दाढी करायचो.

मुलीचं लग्न झालं. निवेदन मीच केलं, उजवा गाल पाहुण्यांकडं ठेवून, पुन्हा बसलीच तर साक्षीदार असावेत म्हणून.

माकडांसमोरचा प्रयोग मी बंद केला. तो डॉक्टरच्या सांगण्यावरून, हे स्पष्ट लिहितो. चपराक मारणारी आत्याच होती, हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. मग कोण होतं, हे मात्र मला सांगता येत नाही.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना आत्याच्या फोटोसमोर उभा राहिलो. ओठात शेंगदाणा धरला, हात मागं बांधले. पाच मिनिटं वाट पाहिली. काही नाही. शेंगदाणा खाऊन टाकला आणि म्हणालो, "आत्या, नुसती हाक मारली असतीस तरी चाललं असतं. व्याह्यांसमोर थोबाडीत कशाला?"

उत्तर आलं नाही. त्यात नवल काही नाही. आत्या जिवंत होती तेव्हाही मारल्यावर कधी कारण सांगायची नाही.