लाखोरीचं पाणी

काल बाजारात एका पोत्यात लाखोरीची डाळ दिसली. मूठभर हातात घेतली, तिचा तो कच्चा, हिरवट वास नाकाशी आला आणि काय घ्यायला आलो होतो तेच विसरून मी उभा राहिलो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. विद्यापीठाच्या नव्या संशोधन केंद्रात मी उमेदवारी करत होतो. मी रसायनाचा, सोबती भौतिकीचा. एकाच टेबलावर माझ्या काचनळ्या आणि स्नायूंतली वीज मोजायचं त्याचं यंत्र. प्रश्न मात्र दोघांचा एकच, लाखोरी खाऊन माणसांचे पाय का जातात? त्यासाठी आम्ही केळझरच्या पलीकडे एका खेड्यात गेलो आणि तिथे तो भेटला.

तिशीतला, रानात लाकूडतोडीला जाणारा गडी. एका साली पिकं बुडाली आणि घरात लाखोरीशिवाय दाणा उरला नाही. कित्येक महिने तिचीच भाकर, तिचंच वरण. एका सकाळी पोटऱ्या ताठल्या त्या कायमच्या. दोन काठ्यांवर भार टाकत, पायात पाय अडकवत तो चालायचा. आमच्या सुया, रक्ताच्या बाटल्या त्याने दोन दिवस निमूटपणे सोसल्या. यंत्राचा काटा हलला की त्याच्या डोळ्यांत उगाच आशा दाटायची. निघताना मला राहवलं नाही. औषध सापडलं की पहिल्यांदा तुमच्याकडे येईन, असं मी त्याला सांगून बसलो. तसं सांगण्याचा मला काय अधिकार होता?

पुढे प्रयोगांतून एवढंच हाती आलं, की डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष बरंचसं निघून जातं. पण एकदा गेलेले पाय परत येत नाहीत. पत्र टाकू, असं सोबती म्हणाला. पण त्या घरात वाचणारं कोण होतं? मी एकटाच गेलो.

दाराशी बसून मी सगळं सांगितलं. त्याने बायकोकडे वळून ते त्यांच्या गोंडीत सांगितलं. तिने पदर तोंडाशी धरला. सात वर्षांची मुलगी अंगणात खेळत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला,

"माह्ये राहू द्या, साहेब. पोरीचे पाय वाचतीन का, तेवढं सांगा."

"वाचतील," मी म्हणालो. या वेळी खोटं बोलत नव्हतो.

बायकोला पटेना. लाखोरी सोडणं तर परवडणारं नव्हतंच; पण उन्हाळ्यात विहीर आटते, कोसभरावरून आणलेलं पाणी फेकायचं कसं? त्यावर तो एवढंच म्हणाला, की तिने पाणी आणावं, डाळ तो धुईल; बसल्या जागी तेवढं होतं. पुढे जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा त्याचे हात कढत पाण्याने सुरकुतलेले असत.

मुलीच्या लग्नाचं मला बोलावणं आलं. पाठवणीच्या वेळी बाया रडत होत्या. तो उंबऱ्याशी बसून होता. लेकीच्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही. वाट वळेपर्यंत तो तिची पावलं बघत राहिला. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. मला ते फार उशिरा कळलं.

आमच्या छापील शोधनिबंधात तो तक्त्यातली एक ओळ आहे. मुलीचा उल्लेख कुठेच नाही. तिला काही झालंच नाही, मग लिहिणार काय?