भिमीच्या लॅपटॉपचा पाट

काय हो, लॅपटॉप ही कुठंही उचलून न्यायची वस्तू. मग त्याला बसायला वेगळी जागा विकत घेणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणाल? शहाणी की खुळी? घाईनं बोलू नका. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या नाक्यावर चहा पिणारे घाईनं बोलले आणि तोंडावर पडले.

बाईचं नाव भिमी मेंगाळ. वर डोंगरात कातळवाडी आहे, तिथली लेक. बारावी करून मुरबाडला कॉम्प्युटर शिकायला जायची, तेव्हा वाडीवरचे लोक विचारायचे, "पोरी, ह्यातून काय उगवंल गो?" उगवलं ते असं की, दोन हजार आठच्या सुमारास भिमी आणि तिचा नवरा किशोर यांचं नाक्यावर लग्नपत्रिकांचं दुकान होतं. कल्याणहून कोऱ्या पत्रिका आणायच्या, मजकूर जुळवायचा, प्रिंटरवर छापायचा. आणि दुकानाचा जीव म्हणजे एक जुना, वजनदार काळा लॅपटॉप.

आता पत्रिका म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात चार काका आणि सहा मामा आहेत त्यांना विचारा. निमंत्रक कोण, स्वागतोत्सुक कोण, व्यवस्थापक कोण, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल कोण. एक नाव खाली गेलं की एक घर रुसलं. म्हणून भिमीची रीत ठरलेली. लॅपटॉप पिशवीत घालायचा, वाडी चढायची, अंगणात भावकीला बसवायचं आणि सगळ्यांसमोर नावं मोठ्यानं वाचायची. जे भांडण व्हायचं ते अंगणात होऊ दे, मांडवात नको.

अडचण खाली आल्यावर. मोठा स्क्रीन, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, चार्जर, सगळ्यांच्या वायरी लॅपटॉपला लावायच्या. सकाळी निघताना पुन्हा उपटायच्या. उपटून उपटून लॅपटॉपच्या खाचा सैल झालेल्या. प्रिंटरची वायर तर आगपेटीचं खोकं खाली सरकवल्याशिवाय धड बसायची नाही.

"भिमे, हा आता इथंच राहू दे," किशोर म्हणाला. "वाडीवरची मानसं येतील खाली. नायतर तुझा लॅपटॉप मरंल."

"मग वाडीवर काय नेऊ? पोळपाट?"

"एक जुना कॉम्प्युटर घेऊ दुकानात. तू पेनड्राइव्हवर आण की."

"तुमचा पेनड्राइव्ह!" भिमी उसळली. "गेल्या सालचं इसरलात? जुनी फाइल छापलीत आणि एकीच्या पत्रिकेत दुसरीचा नवरा आणलात. तिचा बाप काठी घेऊन आलेला, तवा पाठच्या दारानं कोण पळालं?"

किशोर वायरी गुंडाळू लागला. पण मुद्दा त्याचा खोटा नव्हता. लॅपटॉप बंद पडला असता तर दुकान बसलं असतं, आणि दुकानात ठेवला असता तर भिमीचं वाडीवर जाणं बसलं असतं. गल्ल्यामागं खुर्चीत बसून राहायचं या विचारानंच तिला कोंडल्यासारखं व्हायचं.

उपाय सापडला कल्याणला, जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या शामकडे. जाड फळीसारखी एक वस्तू, मागे सगळ्या खाचा, वर लांबट दातेरी पट्टी.

"डॉकिंग स्टेशन, ताई. सगळ्या वायरी याला. लॅपटॉप फक्त वर दाबून बसवायचा, निघताना उचलायचा. तुमच्याच मॉडेलचं आहे, दुसऱ्याला बसणार नाही."

"चालतंय?"

"हे काय, लावून दाखवतो."

"तुझ्या दुकानात चालंलच रे! म्हशाच्या यात्रंत माझा बाप बैल जुंपून, चालवून बघतो, मग पैसे देतो. मी नेते. माझ्याकडं चाललं तर ठेवीन, नायतर परत."

शामनं कपाळाला हात लावला. पण जुनं गिऱ्हाईक, दिलं.

"स्टेशन?" किशोर हसला. "आसनगावला रेलवेचं हाय तेवढं पुरं नाय का? हा तर पाट हाय. नवरदेवाला बसवा!" झालं, नाक्यावर त्याचं नावच पाट पडलं. जो तो येऊन विचारी, "पाटावर कोण बसलाय आज?"

त्याच दिवसांत वाडीवरचा कोंडू खाली आला. त्याच्या लेकीचं, मंगळीचं लग्न. त्यानं नावं सांगितली, किशोरनं टाइप केली. "बघ," किशोर म्हणाला, "आला ना मानूस खाली? पत्रिका तयार. पाट परत देऊन ये."

"अंगणात वाचल्याबिगर मी पत्रिका छापत नाय," असं म्हणत भिमीनं रागारागानं लॅपटॉप उचलला. लॅपटॉप सोडवणारी पाटाच्या बाजूची कळ दाबायची राहिली. लॅपटॉपबरोबर पाट उठला, पाटाबरोबर वायरी, आणि वायरींच्या मागं प्रिंटर टेबलावरून निघाला वरातीला. कोंडूनं प्रिंटरला मिठी मारली म्हणून वाचला. किशोर हसून हसून खाली बसला. भिमीलाही हसू आवरेना. मग तिनं कळ दाबली. टक्. लॅपटॉप सुटा झाला, आणि ती कोंडूबरोबर डोंगर चढू लागली.

अंगणात नावं वाचून झाली. माना डोलल्या. तेवढ्यात ओट्यावरून कोंडूची थोरली विधवा बहीण धोंडीबाई म्हणाली, "गो भिमे, बारक्या पोरांचीबी नावं आली. मंगळीची आय गेली तवा तिला मोठी कोनी केली, त्या बाईचं नाव कवा येल?"

कोंडू पुटपुटला, "आक्के, मालक नसलेल्या बाईचं नाव पत्रिकेत नाय घालत गो."

"मंगळीच्या डोक्यातल्या उवा काढल्या तवा मालक हाय का नाय, इचारलास?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मंगळी दारातून पुढं आली. "बाबा, आत्याचं नाव नसंल तर माझंबी काढा. एकटा नवरा छापा."

आता सगळं अंगण हसायला लागलं. भिमीनं बोटं कीबोर्डवर ठेवली. "कोंडूदादा, कुठं घालू?"

कोंडूनं डोकं खाजवलं, बहिणीकडं बघितलं, आणि त्याचंही तोंड हसरं झालं. "निमंत्रकात. माझ्या वर."

धोंडीबाईनं पदर सावरला. "नीट लिव गो. मला वाचता येत नाय, पन मंगळीकडनं वाचून घेईन."

खाली येऊन भिमीनं लॅपटॉप पाटावर दाबला. मोठा स्क्रीन उजळला. एकाही वायरीला हात न लावता प्रिंटर घरघरला. पहिली प्रत किशोरनं उचलली आणि निमंत्रकांच्या पहिल्याच नावाला थांबला.

"श्रीमती धोंडीबाई... मी टाइप केली तवा ही कुठं होती?"

"वाडीवर. ती काय तुमच्या दुकानात येनार हाय?"

किशोरनं पत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग कोपऱ्यातल्या फोनवरून कल्याणला शामला सांगितलं, "पाट परत येनार नाय. पैसे घेऊन मीच येतो." फोन ठेवला आणि भिमीला म्हणाला, "उद्या निघताना कळ दाब फक्त!"

तर मंडळी, तुमच्या घरात लग्न निघालंय? पत्रिका छापायला दुकानात एकटे पळू नका. आधी घरातल्या आत्याला, मावशीला, जिला मांडवात मागं उभं करता तिला समोर बसवा, आणि विचारा, बाई, तुझं नाव कुठं घालू?