एसीच्या जाळीतलं झेंडूचं फूल

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात एसीची तपासणी होणार, असं कळलं. वीज वाया जाते का, हे बघायची ही तपासणी इथे कायद्याने सक्तीची आहे. पण खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा करताना मी खुर्चीवर चढून एसीच्या जाळीतही झेंडूचं फूल खोचलं होतं आणि काढायला विसरले होते. आता बॉसला काय सांगू? यंत्राला नमस्कार केला म्हणून? आधीच माणसं कमी करताहेत, त्यात आपणच कशाला निमित्त द्यायचं!

तपासनीस शिडीवर चढला. वाळकं फूल काढून त्याने खिडकीत ठेवलं.

“यंत्र ठणठणीत आहे,” तो बॉसला म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग त्याने हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्यांवर नजर फिरवली. “पण एवढ्या थोड्या माणसांना हे फार मोठं आहे, उगाच वीज खातं. लहान बसवा. पुढच्या वर्षी इथे किती जण असतील?”

“आल्झो... म्हणजे, बघू या...” म्हणत बॉस बोटाने टेबलं मोजू लागला.

माझ्या टेबलाशी त्याचं बोट अडखळलं.