फुरो नव्हे, फूरो! गास्सानच्या डोंगरावरचं रानजिरेनियम आणि आमच्या आई

सासूबाई जपानला आल्या त्या फिरायला नाही, आम्हाला परत न्यायला. २०११च्या भूकंप-त्सुनामीला दोन वर्षं उलटून गेली होती. टोकियोत सगळं जागच्या जागी होतं, पण पुण्यात बसून त्यांनी टीव्हीवर जे पाहिलं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. अमोलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कंपनीने कॉन्ट्रॅक्ट आणखी तीन वर्षं वाढवायचं विचारलं होतं आणि ऑगस्टअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. आईंना 'नाही' हवं होतं. रोज सकाळी चहाबरोबर त्या हा विषय काढायच्या, अमोल "बघू गं आई" म्हणून ऑफिसला पळायचा, आणि मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहायचे.

अशात ओबोनची, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाची सुट्टी आली. ऑफिसातले एंदो-सान अमोलला म्हणाले, यामागाताला गास्सान डोंगरावर जा, तिथलं हाकुसान-फूरो फार सुंदर असतं. अमोलने ऐकलं 'फुरो'. फुरो म्हणजे आंघोळ, गरम पाण्याचा हौद. त्याने घरी येऊन आईंना सांगितलं, "आई, हाकुसान-फुरो म्हणून प्रसिद्ध जागा आहे. गुडघ्यांवर रामबाण!" दोन दिवसांत शिनकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची तिकिटं आणि पायथ्याच्या शिझू गावातली खोली बुक झाली.

मी टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या एका फुलांच्या दुकानात बाइतो करते. बाइतो म्हणजे पार्ट-टाइम काम. तिथल्या मालकीणबाई मोरी-सान यांना मी हा बेत सांगितला, तर त्या हसून हसून खाली बसल्या. हाकुसान-फूरो हे फूल आहे! उंच डोंगरावरचं रानटी जिरेनियम. त्यातला 'फू' दीर्घ. 'फू' म्हणजे वारा, 'रो' म्हणजे दव.

आईंची उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापण्यात माझा जन्म गेला, आणि माझा मुलगा एका उकारापायी मला डोंगरावर चढवतोय! अरे, 'फूल'मधला 'फू'सुद्धा दीर्घच असतो, एवढं तरी ध्यानात ठेवायचंस." पण तिकिटं रद्द करू का विचारल्यावर म्हणाल्या, "राहू दे. फूल तर फूल."

खरं सांगते, फुलाचं नाव काढलं की आई विरघळतात. पुण्यातली त्यांची गच्ची म्हणजे चोरबाजार आहे. कुणाच्या लग्नाला जावोत की बारशाला, येताना पर्समध्ये ओल्या रुमालात एक तरी फांदी असते. "मागून आणलेलं लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं," हे त्यांचं बागकामाचं पहिलं सूत्र.

तुम्ही जाणार असाल तर ओबोनमध्ये सीट आधीच राखून ठेवा, नाहीतर उभं राहून जावं लागेल. टोकियोहून यामागाताला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. वाटेत फुकुशिमा लागतं, हे मी आईंना सांगायला विसरले. गाडीतल्या घोषणेत ते नाव कानावर पडताच त्यांनी पदर नाकाला लावला. गाडी थांबली. प्लॅटफॉर्मवर गणवेशातल्या मुली एकमेकींना ढकलत हसत होत्या, एक आजोबा पीचची पेटी सांभाळत डब्यात चढत होते.

"इथे माणसं राहतात?" आईंनी हळूच विचारलं.

"मोठं शहर आहे आई. अणुभट्टी इथून बरीच लांब, समुद्राकाठी आहे."

त्या मुली दिसेनाशा होईपर्यंत आई खिडकीतून बघत होत्या. मग त्यांनी पदर खाली घेतला.

यामागाताहून हायवे बसने निशिकावा आणि तिथून छोट्या बसने शिझू. बस मोजक्या आहेत, एक चुकली तर तासन् तास बसून राहाल. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी घरून सोय करावी, कारण साध्या दिसणाऱ्या सोबा नूडल्सच्या रश्शातसुद्धा मासा असतो. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट होतं. मात्र झुंदा-मोची जरूर खा. कोवळ्या सोयाबीनचं हिरवंगार गोड वाटण आणि मऊ तांदळाचे गोळे. आईंनी दोन डिश संपवल्या आणि "वेलची हवी होती" असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उबासावाहून लिफ्टने वर गेलो. ही उघड्या खुर्च्यांची लिफ्ट आहे, जाऊन-येऊन माणशी हजार येनच्या आसपास. बंद डबा समजून आई हसत हसत निघाल्या होत्या. खुर्ची मागून गुडघ्याला टेकली, पायाखालची जमीन गेली आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की वर पोचेपर्यंत बांगडीचा वळ उठला. पुढच्या खुर्चीतून आमची नऊ वर्षांची मुक्ता बापाशेजारून मान वळवून ओरडत होती, "आजी, दाइजोबु?" ठीक आहेस ना, असं. आजीने डोळे न उघडता उत्तर दिलं, "दाइजोबु की काय ते उतरल्यावर सांगते!"

वर ऑगस्टात कुडकुडायला होतं, जाकीट विसरू नका. समोरच्या घळीत अजून बर्फ होता. लाकडी फळ्यांची पायवाट सुरू होते तिथे, गुडघाभर गवतात, ती फुलं वाऱ्यावर डोलत होती. गुलाबी, थोडी जांभळ्याकडे झुकणारी, आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. पाच पाकळ्या आणि प्रत्येकीवर गडद शिरा, मधमाशीला आत यायची वाट दाखवणाऱ्या. पान हाताच्या पंजासारखं पाच भागांत चिरलेलं, आणि प्रत्येक बोट पुन्हा कातरलेलं. कुंडीत आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते खरं जिरेनियम नाहीच, त्याचं दूरचं भावंड आहे. खरं जिरेनियम हे. मी दुकानात रोज फुलं हाताळते, तरी इथे वाकून वाकून बघत राहिले.

आई बाकावर बसल्या आणि चष्मा पुसून कामाला लागल्या. "ही दोन फुलं वेगळी का दिसतायत गं?"

त्यांची नजर तीक्ष्णच. एका फुलात दहा पुंकेसर ताठ उभे होते. शेजारच्या फुलात ते गळून गेले होते आणि मधोमध बारीकशी पाच टोकांची चांदणी उमलली होती. मोरी-साननी शिकवलेलं मी सांगितलं. हे फूल आधी नर असतं, पराग देऊन टाकतं, आणि मग मादी होतं. म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःला लागणं टळतं.

"तरुणपणी पुरुष आणि मग बाई?" आई खूश झाल्या. "बरंय. दोन्हीकडची अक्कल येत असेल."

पाकळ्या झडल्या की मधला दांडा लांबतो आणि पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो. जिरेनियम हे नावही क्रौंच पक्ष्याच्या ग्रीक नावावरूनच आलंय. अशीच एक वाळलेली, तपकिरी चोच फळ्यांच्या अगदी कडेला होती. झाडंफुलं तोडू नका, अशी चित्रासकट पाटी शेजारीच. आईंचा हात पर्सकडे गेला. मी "आई, नको!" म्हणेपर्यंत दोन बोटं चोचीला लागली होती. टप्प! चोच खालून उकलली, पाच पट्ट्या वरच्या दिशेला कुरळ्या झाल्या आणि बिया कुठल्या कुठे गवतात उडाल्या. बोटांत काहीच नाही.

"अगंबाई, हा तर तेरडा!" आई लहान मुलीसारख्या हसल्या.

मागून टोपी घातलेल्या एक आजी येत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी घाईघाईने वाकून माफी मागितली. त्याही वाकल्या आणि म्हणाल्या, "बियांना ठाऊक असतं कुठे जायचं ते." त्या पुढे निघून गेल्या. अमोल आणि मुक्ता बर्फाला हात लावायला खाली उतरले होते, बाकावर आम्ही दोघीच उरलो.

"पुण्यात लागेल का गं हे?"

"नाही लागणार. याचं खोड जमिनीखाली असतं. वरचं सगळं थंडीत वाळून जातं आणि ते बर्फाखाली सहा-सात महिने पडून राहतं. बर्फच त्याचं पांघरूण. खालच्या उकाड्यात मुळं कुजतात."

आईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मधुरा, तू झाडाच्या आडून मला काही सुनावतेयस का?"

"नाही हो आई. झाडाचं झाडाबद्दलच सांगितलं." आणि मग कुठून बळ आलं कोण जाणे. "माझ्याबद्दल सांगायचं तर सरळ सांगते. मला इथे राहायचंय. अमोलच्या कंपनीसाठी नाही. मला. मोरी-सान दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन जातात. लोक मला फुलांविषयी विचारतात, थांबून ऐकतात. हे मला सोडायचं नाहीये."

वारा एवढा होता की मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

"भीती नाही वाटत?"

"वाटते. जमीन हलली की दर वेळी वाटते. तरी राहायचंय."

आईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तू त्याच्यामागे फरफटत आलीस. बोलत नाहीस म्हणजे सोसतेयस. मी तुझ्यासाठीच भांडत होते की गं त्याच्याशी."

मला रडू आलं. इतके दिवस ज्या बाईकडे मी पाठ करून उभी होते ती माझी बाजू लढवत होती, आणि मला पत्ता नव्हता.

संध्याकाळी शिझूला फुरोही मिळालाच, ऱ्हस्ववाला. सगळ्यांसमोर उघड्याने उतरायला आई तयार नव्हत्या, म्हणून आम्ही फक्त घरच्यांसाठी हौद राखून घेतला. बऱ्याच ठिकाणी अशी सोय असते, आधी विचारा. आम्ही दोघी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो होतो. त्यांनी गास्सानचं नाव काढलं नाही, मीही नाही. मुक्ताच्या केसांना तेल कमी पडतं यावर मात्र पुष्कळ बोलणं झालं.

घरी येऊन आठवडा झाला तरी आई कॉन्ट्रॅक्टबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. माझ्याजवळ राहिले ते काही धूसर फोटो आणि ते फूल प्रत्यक्ष पाहिल्याचा आनंद. सहा-सात महिन्यांचा हिवाळा सोसून महिनाभर एवढ्या डौलात फुलणारं काही मी याआधी पाहिलं नव्हतं. अमोलला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आई खुर्ची मागे सारून म्हणाल्या, "भूकंप झाला की तुम्ही टेबलाखाली शिरता ना? दाखव बरं कसं ते." मुक्ताने शाळेत शिकवल्याप्रमाणे सुळकन शिरून टेबलाचा पाय धरला. आईंनी आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, "आई गं" म्हणत त्याही शिरल्या. आतून आवाज आला, "मधुरा, तूही ये. अमोल, ये इकडे. मला बघू दे चौघं मावतो का."

आम्ही मान वाकवून, एकमेकांच्या कोपरांना धक्के देत आत बसलो. आईंनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला, कुणाचं डोकं बाहेर राहत नाही ना. मग अमोलला म्हणाल्या, "मावतोय. कळव त्यांना, हो म्हणून."