अहमदपुरातून नातीची अंघोळ

“रडू दे. लेकरू रडलं म्हणजे अंग मोकळं होतंय.” बाळाला पायांवर घेऊन चाची असं म्हणायच्या आणि घाबरलेल्या आईकडे न बघता तांब्या उचलायच्या. अहमदपूरच्या आमच्या गल्लीत घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला चाचीच. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच पायांवर न्हाली. तिथं माझी शाळेतली मास्तरकी चालायची नाही. “बाई, तुमी उगं बसा,” म्हटलं की मी बाजूला बसायची.

अशा बाईची पहिली नात जन्मली ती थेट इथिओपियात. मुलगा तिथल्या कापड गिरणीत नोकरीला, सून उदगीरची, घरात तिसरं माणूस नाही. गाव डेब्रे बिरहान. चाचींना ते नाव कधी नीट म्हणता आलं नाही, पण चौकशी सगळी केली. “आपल्यावानीच डोंगरावरचं गाव हाय. वारं लई. आपल्या आंबोळीवानी आंबट भाकरी खातेत. थंडी मातर लई बेकार.”

त्या थंडीत बाळाला चोळणार कोण? सुनेला तर लेकरू उचलायचीच भीती.

चाचींनी फोनवरूनच न्हाऊ घालायचं ठरवलं. पिठाच्या डब्याला फोन टेकवून, पाय पसरून, त्यांवर उशी घेऊन त्या बसत. इकडे उशी, तिकडे बाळ. “टाळूवर जोर नको. आता पालथी घे. मान धर, मान!” उशीला अंघोळ घालणारी बाई बघायला गल्ली जमायची. मीही हसले. चाची हसल्या नाहीत.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, हे त्यांना पाठ झालं होतं. एकदा सुनेचा निरोप आला, उद्या तीनला बसू. चाचींनी हिशेब केला, म्हणजे आपले साडेपाच. संध्याकाळी उशी घेऊन बसतात तर सून रडवेली. तिनं सकाळीच पाणी तापवलं होतं, वाट बघून ते निवलं आणि बाळ तसंच राहिलं. तिथली माणसं तास दिवस उगवल्यापासून मोजतात, सकाळच्या नऊला तीन म्हणतात. शेजारणींमुळं सूनही तसंच बोलू लागली होती.

“त्यांचं बरूबरच हाय,” चाची म्हणाल्या. “दिवस उगवायच्या आधी काय मोजायचं? पण आता मला कुणाचंच घड्याळ नको. तुझ्या ओट्यावर ऊन आलं की फोन लाव. मी बसूनच हाय.”

त्या दिवसापासून त्यांनी गल्लीतली सकाळची कामं सोडली.

तरी उशीवर त्यांचं मन भरेना. “हाताला लेकरू लागाय पाहिजे, बाई.” नांदेडच्या पुढं कधी न गेलेल्या चाची पासपोर्टाच्या मागं लागल्या. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, परदेशात काय काम? “न्हाऊ घालायचंय,” चाची म्हणाल्या. कागद परत आले, पुन्हा गेले. तोवर पोरगी चालायला लागेल, असं कुणीतरी म्हणालं.

“चालू दे की. पळाली तरी धरीन.”

गेल्या एकदाच्या. अजून परतल्या नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप आहे आणि खरं सांगायचं तर मला सकाळी त्या बाजूला बघवत नाही.

पोचल्यावर काय झालं ते त्यांनीच मला फोनवर सांगितलं. नात जवळच येईना. तिची दादी फोनमध्ये राहणारी. ही समोरची म्हातारी कोण? ती भिंतीला चिकटून फोनकडं बोट दाखवत रडू लागली. चाचींनी मात्र आपला फोन नातीच्या हातात दिला, सुनेचा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या आणि तिथून लावला. रोजच्यासारखं बोलत राहिल्या. पोरगी हसली. मग तोंडासमोर फोन धरून, बोलणं न थांबवता, चाची हळूहळू दारातून आत आल्या. जमिनीवर बसल्या. पाय पसरले. फोन खाली घेतला.

नातीनं एकदा हातातल्या फोनमध्ये पाहिलं, एकदा समोर. मग फोन तिथंच टाकला आणि येऊन त्यांच्या पायांवर बसली.