दगाचे चार माग

दगा पाटील अमळनेरकडचा. सोळा वर्षं सुरतेजवळ उधन्यात दुसऱ्याचे माग चालवून त्याने स्वतःचे चार माग घेतले, तेही जुनेच. पण तोरा असा की जणू अख्खी मिल विकत घेतली! रोज सकाळी मागांना फडकं मारायचा, बायकोकडे मात्र बघायचाही नाही. मालतीबाई म्हणायची, “माझ्या चार सवती आहेत.”

पंच्याण्णवच्या श्रावणात कारागिरांनी बंड केलं. मजुरी वाढेपर्यंत एकही माग फिरणार नाही, असं ठरलं. आधी घोषणा, मग दगडफेक, मग संचारबंदी. आठ दिवस दुकानं उघडली नाहीत. दगाने आपले माग मुकाट्याने बंद ठेवले. कालपर्यंत तोही मजूरच होता ना.

नेमका त्यात कानबाई देवीचा सण आला. खानदेशी माणूस सुरतेत राहो की आणखी कुठे, कानबाई बसवल्याशिवाय राहायचा नाही. घरात उरलेल्या सगळ्या गव्हाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, झाले. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. दुसऱ्या कुळाच्या माणसाला दिले तर देवी कोपते, अशी पक्की समजूत. दगाचे दोन चुलतभाऊ पंगतीला बसले आणि तेवढ्यात किसन दारात आला.

किसन दगाच्याच गावचा, पण कूळ वेगळं. दगानेच त्याला सुरतेला आणलं, मागावर उभं केलं, काम शिकवलं. तो खाली मान घालून म्हणाला, “दादा, पोरं उपाशी शेतस. चार रोट दे.”

दगा गडबडला. “भाऊ, हाई कुयना रोट शे. दुसराले नई चालत.”

“अहो, द्या ना!” मालतीबाई आतून म्हणाली. “लेकरांना कसलं आलंय कूळ!”

पण दगाने ऐकलं नाही. घरात दुसरं पीठ चिमूटभर नव्हतं. किसन आल्या पावली वळला. पंगत चालूच राहिली, दगाने मात्र पुढचा रोट घेतला नाही.

गल्लीत गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? खानदेशी माणसाला कारण कळलं असतं. पण बंडात मराठवाड्याचे, ओडिशाचे, उत्तरेचे, सगळीकडचे लोक होते. त्यांना एवढंच कळलं की माग घेतल्यावर दगा शेठ झाला, घरी पंगती झोडतो आणि उपाशी पोरांना हाकलतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साठ-सत्तर जण दगाच्या कारखान्यात घुसले. दगा मागांपुढे हात पसरून उभा राहिला. पहिला रॉड त्याच्या मनगटावर बसला, दुसरा खांद्यावर. तो खाली कोसळला तरी लाथा थांबेनात. डोक्यातून रक्त वाहायला लागलं. तेवढ्यात गर्दीतून किसन ओरडला, “इसको मारके क्या मिलेगा? इसका जीव लूम में है, लूम तोडो!” आणि त्याने स्वतःच हातोडा उचलून पहिल्या मागावर घातला. कुठला भाग फुटला की माग पुन्हा उभा राहत नाही, हे त्याला दगानेच शिकवलं होतं. झुंड दगाला सोडून मागांकडे वळली. अर्ध्या तासात चारही मागांचं भंगार झालं.

आठवड्याने किसन घरी आला. दगा हाताला प्लॅस्टर घालून खाटेवर पडला होता. किसनने त्याचे पाय धरले. “दादा, नई तं त्या लोके तुले मारी टाकतात! दुसरं काही सुचनं नई माले.”

दगाला ते पटलं. पटलं म्हणूनच तो जास्त भडकला. सोळा वर्षांचा घाम, उपास, भाड्याच्या खोल्या, सगळं त्याच्या छातीत दाटून आलं. “मंग मरू देवानं व्हतं माले!” तो ओक्साबोक्शी रडत ओरडला. “माग वाचाडाना व्हतात रे, माग!”

मालतीबाई चहाचे कप घेऊन दाराशी आली होती. तिने कप तिथेच जमिनीवर ठेवले.

“आनि मन्हं काय?” नेहमीचं ‘अहो’ सोडून तिने विचारलं. “तू मरता, तं मी त्या माग छातीवर घीसन बसतू का?”

दगा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं.